दहा इंचांत एक फेरा

रविवार, २५ मार्च २००७, हॅमिल्टन

न्यूझीलंडमध्ये बंदुकीचा परवाना काढलेल्या तमाम मराठी बंधु-भगिनींनो! माझ्या माहितीप्रमाणे आपण तिघं आहोत. मी, माझी बायको विभावरी आणि पुकेकोहेचा गंधार. पण सभा लहान आहे म्हणून गाऱ्हाणं लहान होत नाही. आपल्याला नळ्या विकल्या गेल्या आणि त्या नळ्यांच्या आत काय आहे हे कोणी सांगितलं नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हे बोललो असतो तर सातव्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटा वाजवली असती. या वहीत घंटा नाही.

काल ते कुइटी गावाजवळ कॉलिनच्या फार्मवर गेलो होतो. फार्म संपतो तिथून जंगल सुरू होतं आणि या दिवसांत नर हरणं माजावर येऊन ओरडत असतात. संध्याकाळी एक मोठी हरिणी उतारावर आली. अंतर दोनशे मीटरच्या आत. विभाने पोटावर पडून, पिशवीवर रायफल टेकवून, श्वास सोडून चाप ओढला. तिचं सगळं बिनचूक होतं, मी शेजारी होतो. हरिणी मागून खचली, उठली आणि जंगलात शिरली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं, कॉलिन आणि त्याचा कुत्रा शोधत होतो. रक्त ओढ्यापर्यंत होतं, पुढे काही नाही.

 घरी आल्यावर विभा म्हणाली, "माझा हात हलला."

मी म्हटलं, "मूर्खपणा! नळी बदमाश आहे."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. मी सिद्ध करणार आहे. गेल्या वर्षी याच रायफलने तिने दोन हरणं एकेका गोळीत पाडली, हे खरं. पण तेव्हा दुकानातली सामान्य काडतुसं होती, बुटक्या गोळीची. यंदा मी सुधारणा केली. सहा महिने वाचन करून गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने काडतुसं भरली. गोळी लांब, जड, सुईसारख्या नाकाची, वाऱ्याला न जुमानणारी. अमेरिकेत लोक अशा गोळीने हजार मीटरवर कागद फाडतात. उत्तम गोळी आली आणि नळीचं पितळ उघडं पडलं, याहून सरळ तर्क कोणता?

पंचवीस मीटरवर ही गोळी मी स्वतः तपासली होती. छिद्रं जरा लांबट आली, पण त्या दिवशी पाऊस होता आणि कागद ओला होता.

बुधवार, २८ मार्च

कामावरून परस्पर बंदुकांच्या दुकानात गेलो. आम्ही ते रापाच्या डेअरी कारखान्यात दुधाच्या पाइपांची जोडणी केसाच्या जाडीत मोजतो. तिथून या दुकानात शिरणं म्हणजे शस्त्रक्रियेतून उठून न्हाव्याकडे जाणं.

मी विचारलं, "या मॉडेलच्या नळीचा पीळ किती?"

काउंटरवरचा मनुष्य म्हणाला, "स्टँडर्ड, मेट."

"स्टँडर्ड हा आकडा नव्हे."

"कोणी विचारत नाही," तो म्हणाला. मग मान तिरपी करून, "त्यातून तू झाडतोयस काय?"

मी त्याला माझ्या गोळीची लांबी, वजन, तिचा वाऱ्यातला आकडा, सगळं सांगितलं. त्याने शीळ घातली. म्हणाला, "ते या रायफलमध्ये? हीप्स ऑफ लक." आणि हसला. मी त्याला उभ्या उभ्या पाच मिनिटं ऐकवलं. ज्ञानाचा तिटकारा ही जगातली सगळ्यात स्वस्त चैन आहे, ती या देशात हसतमुखाने केली जाते एवढाच फरक. दोन गिऱ्हाइकं ऐकायला थांबली होती. त्यातल्या एकाने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, विकत घेतल्या.

रविवार, १ एप्रिल

मोजलं. कुठलाही मनुष्य मोजू शकतो, म्हणूनच कोणी मोजत नाही. साफ करायच्या सळईला घट्ट फडकं लावायचं, नळीत ढकलायची आणि सळईवर रंगाची खूण करायची. नळीच्या आतल्या तिरप्या खोबणी सळईला फिरवतात. खूण एक पुरा फेरा घेऊन वर आली की सळई किती आत गेली ते मोजायचं. तोच पीळ. भोवऱ्याला जाळी जशी फिरकी देते, तशी या खोबणी गोळीला फिरकी देतात. फिरकी कमी पडली की भोवरा झोकांड्या खातो. आणि गोळी जितकी लांब, तितकी जास्त फिरकी तिला लागते.

आमच्या नळीत दहा इंचांत एक फेरा. माझ्या गोळीला आठ इंचांत एक हवा. कारखान्याने दहाचा पीळ का दिला? कारण पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी दिला होता. परंपरेच्या नावाने आळस चालवण्यात आपणच पुढे आहोत असं मला पुण्यात वाटायचं. गोऱ्यांनी तो पोलादात ओतला आहे.

मी सळईशी झगडत होतो तेव्हा विभा गॅरेजमध्ये आली. हात पुढे धरून उभी राहिली, बोटं पसरून.

"शिरीष, बघ. हलतात का?"

"आधी हे बघ. दहा! दहा इंच!"

तिने सळईकडे पाहिलं. "मंगळवारची लिस्ट मी सुधाकरला दिली," म्हणाली. सुधाकर हॉस्पिटलातला तिचा सहकारी. मंगळवारी तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं असतात, सकाळपासून सात-आठ. डोळ्याच्या डॉक्टरला एखादी सुट्टी हवीच. मी म्हटलं, चांगलं केलंस.

शुक्रवार, ६ एप्रिल, गुड फ्रायडे

आज इतिहास घडला.

गंधारला घेऊन क्लबच्या रेंजवर गेलो. गंधार बँकेच्या संगणकांत डोकं घालून बसणारा मुलगा, पण डोळा चांगला आणि जीभ त्याहून चांगली. शंभर मीटरवर कागद लावला. माझी काडतुसं, विभाची रायफल, आणि नेम लावायला गंधार, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको. पाच गोळ्या झाडल्या आणि कागद आणायला गेलो.

दोन गोळ्या कागदाबाहेर. दोन छिद्रं लंबगोल. आणि पाचवं... बंधूंनो, पाचवं छिद्र नव्हतंच! गोळीचं आख्खं चित्र होतं, नाकापासून बुडापर्यंत, जणू कोणी गोळी कागदावर आडवी ठेवून कात्रीने कापली आहे. गोळी आडवी उडत आली होती! काठी फेकावी तशी!

"अरे बाप रे," गंधार म्हणाला. "दादा, हिने हरीण मारायला गेलात तुम्ही? यापेक्षा लाटणं फेकायचं."

"नळी! नळीचा दोष, गंधार!"

"नळीने सांगितलं होतं का, मला ही गोळी घाला म्हणून?" मग त्याने स्वतःच्या खिशातून दुकानातली बुटक्या गोळीची काडतुसं काढली आणि त्याच रायफलमधून तीन झाडली. तिन्ही एका डॉलरच्या नाण्याखाली झाकतील अशी. मला त्यात विशेष वाटलं नाही. सामान्य नळीत सामान्य गोळी सुखाने नांदणारच.

सामान भरताना तो म्हणाला, "म्हणजे वहिनींचा हात नव्हताच की."

"उघडच आहे."

"सांगितलंत त्यांना?"

"अरे, कागद आत्ता हातात आलाय. आधी नवी नळी ठरू दे, मग सगळं एकदम मांडतो. अर्धवट पुराव्यावर मी बोलत नाही."

"दादा, तुम्ही अर्ध्या वाक्यावर दीड तास बोलता," तो म्हणाला. या पिढीला भाषणाची पूर्वतयारी म्हणजे काय हे समजावून सांगणं अशक्य आहे.

कागद गॅरेजमध्ये, कामाच्या टेबलावर, भिंतीला टाचला. रोज बघतो. असा स्वच्छ पुरावा आयुष्यात क्वचित मिळतो.

बुधवार, ११ एप्रिल

पीळ निवडणं हा चारित्र्याचा प्रश्न आहे. नऊ घेतला तर माझी गोळी जेमतेम सावरेल. थंडीत हवा दाट होते, तेव्हा पुन्हा झोकांडी. सात घेतला तर लांबातली लांब गोळीही चालेल, पण हलकी, पातळ कवचाची गोळी अति फिरकीने हवेतच फाटायची भीती. आठ हेच उत्तर. नळ्या बसवणाऱ्या कारागिराला फोन केला. तो म्हणाला, आठची नळी आणायला सहा आठवडे. वर म्हणाला, "दोनशे मीटरवर हरणं मारायची तर दहाला काय झालंय?" म्हणजे हाही त्याच पंथाचा. इंटरनेटवर एक टेक्सासचा गृहस्थ मला रोज मध्यमवर्गीय भित्रेपणा शिकवतो: नऊ घे, दोन्हीकडचं साधतं. दोन्हीकडचं साधणारी माणसं मी मंडळाच्या कार्यकारिणीत पुष्कळ पाहिली आहेत. नळीत नको.

आठ. ऑर्डर दिली.

जेवताना विभा म्हणाली की ती विभागप्रमुखांशी बोलली. ऑपरेशनं सोडून फक्त तपासणीचं क्लिनिक करायचं म्हणते. त्यांनी महिनाअखेरपर्यंत विचार कर म्हणून सांगितलंय.

"का ग?"

"डोळ्याच्या आत अर्ध्या मिलिमीटरवर काम असतं, शिरीष. हाताची खात्री नसताना मी तिथे सुई नेणार नाही."

मला वाटतं ती दमली आहे. क्लिनिकमध्ये निदान शनिवार मोकळे मिळतील. नवी नळी आली की सरावाला वेळ होईल.

वरण तिने ताटात तसंच ठेवलं.

रविवार, १५ एप्रिल

कॉलिनचा फोन आला. एरवी हा मनुष्य फोनवर हवामान आणि मेंढ्या सोडून बोलत नाही. आज म्हणाला, "हरिणी सापडली होती. तुम्ही गेलात त्याच्या दोन दिवसांनी, ओढ्याच्या वरच्या अंगाला. जिवंत होती. मी संपवलं तिचं. डॉक्टरला कसं सांगावं कळेना म्हणून फोन केला नाही."

मग त्याने जखमेचं सांगितलं. मागच्या पायाच्या वर, अंगठ्याएवढी लांब चीर. गोळीचं भोक असं नसतं, त्याने चाळीस वर्षांत पाहिलं नाही. "गोळी आडवी लागलीय, मेट. डॉकला सांग, तिचा नेम नव्हता तो. कोणाच्याच हातात नव्हतं ते."

दुसरा साक्षीदार! तोही प्रत्यक्षदर्शी! मी ते शब्द लगेच उतरवून घेतले.

विभा दारात उभी होती. "कोण होतं?"

"कॉलिन. हरिणी सापडली."

"मेली होती?"

"जिवंत होती. दोन दिवस. मग त्याने मारली."

मी पुढचं सांगणारच होतो, पण ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. दाराबाहेरून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. शिवाय ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे असे झाले होते की मला सुरुवात कुठून करावी हेच सुचेना. मला! पाचशे माणसांपुढे सुचतं.

उद्या सांगतो.

बुधवार, १८ एप्रिल

सांगायची वेळ आली नाही. विभा इस्त्रीची एक्स्टेंशन वायर शोधायला गॅरेजमध्ये गेली.

मी मागोमाग गेलो तेव्हा ती टेबलाशी वाकून उभी होती, चष्मा कपाळावर सरकवून, जशी ती डोळा तपासताना उभी राहते. बोट त्या आडव्या छिद्रावर.

"हे काय आहे?"

मी सुरुवात केली. पिळाचा इतिहास, कारखान्यांची बेफिकिरी...

"शिरीष, हे माझ्या रायफलचं आहे?"

"हो."

"तू भरलेल्या गोळ्यांचं?"

"हो. पण मुळात नळी..."

"कधीचं?"

"गुड फ्रायडेचं. गंधार होता. आणि कॉलिननेही रविवारी तेच सांगितलं, जखम आडवी होती म्हणून. म्हणजे दोन स्वतंत्र..."

"कॉलिनने काय सांगितलं रविवारी?"

मी सांगितलं. शब्दशः, त्याच्या 'डॉक'सकट. ऐकताना तिने टेबलाची कड धरली.

"हे तुला माहीत होतं. मी लिस्ट सोडली तेव्हा. मी तुझ्यासमोर जेवायला बसत होते तेव्हा. रात्री उठून दिव्याखाली बोटं बघत होते तेव्हा."

"विभा, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, नळी बदमाश आहे!"

"तू नळीबद्दल म्हटलंस. माझ्याबद्दल काय म्हटलंस?"

 वक्त्याची कधी कधी प्रश्नाची तयारी नसते.

"नळी दहाची आहे," ती म्हणाली. "दुकानात होती तेव्हाही दहाचीच होती. गेल्या वर्षीही दहाचीच होती. गोळी कोणी निवडली?"

"प्रश्न असा नाहीये..."

"प्रश्न असाच आहे. गोळी कोणी निवडली, शिरीष?"

"मी."

"मला विचारून?"

"तुला त्यातलं..." इथे मी थांबलो. थांबलो हे बरं झालं.

तिने टाचण्या काढल्या, कागदाची सुरळी केली आणि घेऊन गेली. वायर तिथेच राहिली. पंधरा मिनिटांनी तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, इंग्रजीत, कोरडा. कारागिराला सांगत होती की रायफल तिची आहे, तिच्या परवान्यावर घेतलेली, नळी बदलायची नाही, ऑर्डर रद्द करा. त्या मनुष्याने काहीतरी म्हटलं असावं, कारण ती म्हणाली, "येस. माय हसबंड. आय नो."

आठचा पीळ हेच शास्त्रशुद्ध उत्तर होतं असं मी अजूनही म्हणतो. माझ्या गोळीसाठी. रायफल कोणाची हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, कारण तो कुठल्याच कोष्टकात नसतो.

शनिवार, २१ एप्रिल

विभा रेंजवर गेली, गंधारबरोबर. मला नेलं नाही. मी घरी बसून माझी उरलेली काडतुसं एकेक करून उघडली, दारू वेगळी, गोळ्या वेगळ्या. लांब सुंदर गोळ्या. टेबलावर ओळीने उभ्या केल्या तर एकही पडत नाही.

गंधारचा फोन आला. "दादा, वहिनींनी दुकानातल्या दहा झाडल्या. माझ्याहून लहान ग्रूप, छिद्रं एकमेकांना चिकटून. मला लाज वाटली, तुम्हाला सांगतो."

"काही म्हणाली का?"

"शेवटच्या गोळीनंतर हात पुढे करून बघत बसल्या. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाल्या, ओळख पटवतेय." मग म्हणाला, "दादा, एक बोलू? तुम्ही सगळ्या जगाची अक्कल काढता. बरोबरच काढता. पण घरातलं माणूस जगात मोजत नाही तुम्ही."

मी फोन ठेवला. त्याची चूक ही की तो इतक्या हळू आवाजात बोलला की मला भांडता आलं नाही.

मंगळवार, २४ एप्रिल

विभा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये. आपला हात हलतो असं एकदा तिनेच सांगितल्यामुळे प्रमुख स्वतः शेजारी उभे राहणार होते. हात स्थिर दिसला नाही तर महिनाअखेरची वाट न पाहता क्लिनिक, कायमचं, हे तिने सकाळी चहा पिताना मला सांगितलं. सुपरमार्केटची यादी सांगावी तसं.

दिवसभर ते रापाला माझं लक्ष नव्हतं. एका पाइपाचं माप दोनदा चुकलो. फोरमन म्हणाला, "यू ऑल राइट, मेट?" मी त्याला काही ऐकवलं नाही.

ती सहाला आली. पर्स ठेवली, हात धुतले, कुकरला तांदूळ लावला.

"झालं," म्हणाली.

"किती?"

"सात. सातवा डोळा फार वाईट होता, पांढरा दगड नुसता. प्रमुख तिसऱ्यानंतर कॉफी प्यायला निघून गेले."

मी काहीतरी मोठं बोलणार होतो. वाक्य तयार होतं, सकाळपासून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता नको." मग पाटावर कांदा ठेवला. "हा चीर. बारीक."

मी चिरला.

बुधवार, २५ एप्रिल, अँझॅक डे

सुट्टी. शनिवारी ती कॉलिनकडे जाणार आहे. मी विचारलं, मी येऊ का? म्हणाली, "ये. काडतुसं दुकानातली. आणि मी चाप ओढेपर्यंत तोंड बंद."

अट अपमानास्पद आहे. मान्य केली.

मंडळाने मे महिन्याच्या सभेसाठी माझं नाव घातलंय, विषय माझ्या इच्छेचा. शाकाहारी सभासद शिकारीच्या नावाने नाक मुरडतील आणि मग बाहेर जाऊन चिकन पॅटिस खातील. त्यांच्यासाठी मी बोलणार नाही. कारखाने पीळ लपवतात, दुकानदार हसतात, टेक्सासवाले नऊ घ्या म्हणतात. ही सगळी माणसं जशी होती तशीच आहेत आणि त्यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण मला आता नवऱ्यांशी बोलायचं आहे. वाचन केलेल्या, मोजमाप जाणणाऱ्या, सगळ्यांत शहाण्या नवऱ्यांशी. त्यांच्याइतका धोकादायक प्राणी या बेटांवर दुसरा नाही, आणि त्याच्या शिकारीला हंगाम नसतो.

तेव्हा गृहस्थहो, तुम्हाला एकच सांगणं. बायकोच्या बंदुकीत नवी गोळी घालायची असेल, तर हंगामाआधी दोघांनी रेंजवर जा. शंभर मीटरवर कोरडा कागद लावा, तिला पाच गोळ्या झाडू द्या. मग जागेवर बसून राहा. कागद आणायला तुम्ही जाऊ नका. तिला जाऊ द्या.